बेतवेकाठचा हिशेब

(झाशी छावणीत राणी लक्ष्मीबाईंच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

३१ मार्च १८५८ च्या रात्री बेतवेच्या बाजूला मोठा जाळ पेटला आणि झाशीच्या तटावर एकच जल्लोष झाला. तात्या टोपे कुमक घेऊन आल्याची ती खूण होती. किल्ल्यातून तोफा वाजल्या. कित्येक दिवस इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या तोफांचे गोळे झेलणाऱ्या शहराला आता सुटकेची खात्री वाटली, आणि आकडे पाहता ती वाटायलाच हवी होती. तात्यांबरोबर वीस हजारांच्या घरात माणसे होती, वीसहून अधिक तोफा होत्या, ग्वाल्हेर कंटिंजंटच्या कवायती पलटणी होत्या. रोजने वेढा न उठवण्याचे ठरवले, त्यामुळे तात्यांना तोंड द्यायला त्याच्याकडे जेमतेम दीड हजार माणसे उरली. त्यांत गोरे पायदळ पाचशेच्या आसपास. बाकीच्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणींतले आणि हैदराबाद कंटिंजंटमधले हिंदी शिपाई व स्वार.

दुसऱ्या दिवशी लढाईत मोडलेली तात्यांची फौज बेतवा ओलांडून काल्पीच्या वाटेला लागली. तोफा मागे राहिल्या. ३ एप्रिलला इंग्रज तट चढून शहरात शिरले आणि त्यानंतर झाशीने जे भोगले ते विष्णुभट गोडशांनी लिहून ठेवले आहे. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक वेढ्याच्या काळात शहरातच होता. त्यांचा ‘माझा प्रवास’ भारताचार्य चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. लढाईचा निकाल चुकीचा अंदाजला तर त्याची किंमत कोण मोजते, हे ज्याला कळून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे.

३१ मार्चच्या त्या रात्री एखाद्या जाणत्या माणसाने दोन्ही फौजांची यादी समोर ठेवून भाकीत केले असते, तर ते साफ चुकले असते. आज देशोदेशींच्या सैन्यांची तुलना होते ती बहुतेक अशाच याद्यांवर. कोणाकडे किती रणगाडे, किती विमाने, किती पाणबुड्या, किती लाख जवान. मग त्यावरून पहिला, दुसरा, चौथा असे क्रमांक. वर्तमानपत्रे हे क्रमांक छापतात, घराघरांत त्यावर चर्चा होते. देशाच्या संरक्षणाबद्दल नागरिकांना आस्था असावी हे योग्यच आहे. पण आस्थेला हिशेबाची जोड नसेल तर ती फसते, आणि संरक्षणाच्या बाबतीत फसगतीची भरपाई जवान आपल्या रक्ताने करतात. म्हणून हा हिशेब नीट मांडायला शिकले पाहिजे, आणि तो शिकायला झाशीसारखे गाव नाही.

याद्या निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. लंडनची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक स्टडीज ही संस्था १९५९ पासून ‘मिलिटरी बॅलन्स’ नावाचा वार्षिक ग्रंथ काढते. स्टॉकहोमची १९६६ साली स्थापन झालेली सिप्री ही संस्था शस्त्रखरेदी आणि संरक्षणखर्च यांच्या नोंदी ठेवते. त्यांचे काम चिकाटीचे आहे आणि अभ्यासकाला त्यावाचून पाऊल टाकता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने राष्ट्राची क्षमता मोजण्यासाठी सहा गोष्टी धरल्या: लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचे उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैनिकांची संख्या आणि लष्करी खर्च. यातल्या चार गोष्टी छावणीबाहेरच्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दीर्घ युद्धात कारखाना आणि माणूसबळ यांवरच सैन्य तगते.

‘ग्लोबल फायरपॉवर’ची क्रमवारी सर्वांत जास्त फिरते. तिच्यात साठाहून अधिक घटक धरतात, पण अण्वस्त्रांचा साठा त्यात येत नाही. २०२२ च्या यादीत रशिया दुसरा होता, युक्रेन बाविसावा. २४ फेब्रुवारीला रशियाने चढाई केली. कीवच्या उत्तरेला रशियाच्या गाड्यांची जवळजवळ ६४ किलोमीटर लांबीची रांग रस्त्यातच खोळंबली. इंधन, अन्न आणि दुरुस्ती या तिन्ही बाबतींत ती अडली. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रशियाने तो भाग सोडला. त्यानंतर मात्र वर्षामागून वर्ष युद्ध लांबले आणि मोठ्या लोकसंख्येचे, मोठ्या तोफखान्याचे आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांचे वजन जाणवू लागले. म्हणजे पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळा आणि तिसऱ्या वर्षाचा वेगळा. क्रमवारीत हा काळाचा रकाना नसतो.

बेतवेच्या लढाईत नेमके काय झाले? इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक गणित मांडले. दोन्ही बाजूंचे सर्व बंदुकधारी एकमेकांच्या टप्प्यात असतील, तर संख्याबळाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिप्पट सैन्य नऊपट भारी पडते. या गणिताने वीस हजारांची फौज दीड हजारांच्या तुकडीवर पावणेदोनशे पटींनी भारी पडायला हवी होती. तसे घडले नाही, कारण त्या गणिताची पहिलीच अट तिथे पुरी होत नव्हती. तात्यांची फौज एका वेळी लढतच नव्हती. पुढची रांग एकीकडे, आणि खुद्द तात्यांच्या हाताखालची दुसरी रांग बरीच मागे, मध्ये झाडी. रोजने समोरून तोफा डागल्या आणि दोन्ही बगलांवर घोडदळ व घोड्यांच्या तोफा एकदम घातल्या. पहिली रांग मोडली तेव्हा दुसरीची मदत तिच्यापर्यंत पोचली नव्हती. उलट पळणारी माणसे दुसरीवर येऊन आदळली. झाशीकडे दुसऱ्या वाटेने निघालेल्या एका तुकडीला ब्रिगेडियर स्टुअर्टने वाटेतच गाठले. तात्यांनी माघार झाकण्यासाठी रानाला आग लावली, तरी पाठलाग थांबला नाही. इंग्रजांच्या बाजूला मृत आणि जखमी मिळून शंभराच्या आतच होते.

तोफांचीही तीच गोष्ट. तात्यांनी झाशीकडे येण्यापूर्वी चरखारीच्या राजावर स्वारी करून चोवीस तोफा आणि तीन लाख रुपये मिळवले होते. संख्येच्या रकान्यात चोवीस तोफांची भर पडली. पण तोफ म्हणजे तिचा गोलंदाज, तिचे बैल, तिला लागणारे गोळे, तिला जागेवरून हलवणारा सराव. काही आठवड्यांपूर्वी हाती आलेल्या तोफा या सर्वांसह आल्या नव्हत्या.

आणि किल्ला? आत राणी होती, गुलाम गौस खानासारखा तरबेज गोलंदाज होता, हजारोंची शिबंदी होती. बायका तोफांच्या मोर्चांवर दारूगोळा वाहत होत्या, असे खुद्द इंग्रजांनी नोंदवले आहे. कोणत्याही यादीत न मोजले जाणारे हे बळ होते आणि त्यामुळेच झाशी इतके दिवस टिकली. पण १ एप्रिलला आतून मोठा हल्ला बाहेर पडला नाही. बाहेरून तात्या आणि आतून शिबंदी एकाच घटकेला तुटून पडली असती, तर दीड हजारांचा रोज दोन्ही बाजूंनी सापडला असता. ही संधी हुकली याला भेकडपणा कारण नव्हता. बाहेरची फौज आणि आतली फौज यांना एका वेळी हलवणारी एकच आज्ञा नव्हती, हेच त्याचे कारण दिसते. रोजच्या वेढ्याच्या तोफा मात्र तो बेतवेवर लढत असताना किल्ल्यावर चालूच होत्या.

इथे एक अवघड गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठी शिपाई पुष्कळ होते. रोजच्या बाजूने लढणारे काही जण आणि राणीच्या बाजूने लढणारे काही जण एकच भाषा बोलत होते. तेव्हा शूर जात, लढवय्या प्रांत, कणखर रक्त असल्या समजुतींनी हा निकाल उलगडत नाही. माणसे त्याच मातीची होती. कवायत, वेळेवर मिळणारा पगार, आज्ञेची साखळी आणि एकमेकांवर विसंबून लढण्याची सवय यांनी फरक पडला. सैन्याची तुलना करताना वंशाच्या गुणांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी बेतवेचा विचार करावा.

वेढ्यातली आणखी एक नोंद फारशी सांगितली जात नाही. शत्रूला वैरण-सरपण मिळू नये म्हणून राणीने शहराभोवतीचा मुलूख आधीच उजाड करवला होता. योजना अचूक होती. पण ओरछ्याचे संस्थान आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांच्याकडून रोजच्या फौजेला गवत, लाकूडफाटा आणि भाजीपाला पोचत राहिला. झाशीच्या तटावरून न दिसणारी ही रसद तोफांइतकीच निर्णायक ठरली.

रसदेचा धडा मराठ्यांना बुंदेलखंडानेच शतकभर आधी दिला होता. छत्रसालाने बाजीरावांना दिलेल्या मुलखामुळे मराठे इथे स्थिरावले. १७४२ च्या सुमारास नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले. किल्ल्याचा त्यांनी वाढवलेला भाग आजही शंकरगड म्हणून ओळखला जातो. याच बुंदेलखंडाचा कारभार पाहणारे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, यांच्यावर पानिपतच्या मोहिमेत दुआबातून अब्दालीची रसद तोडण्याचे आणि भाऊसाहेबांना पैसा व धान्य पोचवण्याचे काम होते. डिसेंबर १७६० मध्ये अफगाण स्वारांनी अचानक घाला घालून त्यांना मारले. त्यानंतर मराठ्यांच्या छावणीकडे येणारी वाट बंद झाली आणि अब्दालीची मोकळी झाली. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला निघाले ते उपासमारीने घायकुतीला येऊन. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि त्यांच्या जड तोफा उत्तम होत्या. उपाशी फौजेच्या उत्तम तोफा किती वेळ पुरणार? पानिपतच्या प्रत्येक चर्चेत सरदारांच्या भांडणांवर तासन् तास बोलले जाते; गोविंदपंतांच्या मृत्यूला त्या मानाने फार कमी जागा मिळते, आणि हे बदलले पाहिजे.

झाशीच्या पाडावानंतर दोन महिन्यांनी ग्वाल्हेरला जे घडले त्यातून बळाच्या मोजणीतला सर्वांत नाजूक रकाना उघडा पडतो. १ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंदे आपली फौज घेऊन राणी, तात्या आणि रावसाहेब पेशवे यांच्यावर चालून गेले. ही फौज शिंद्यांच्या पगाराची, शिंद्यांच्या तोफांची. लढाई सुरू होताच तिचा मोठा भाग समोरच्या बाजूला जाऊन मिळाला. शिंदे आग्र्याला निघून गेले आणि ग्वाल्हेरचा अभेद्य किल्ला बंडवाल्यांना मिळाला. सकाळी एका बाजूच्या यादीत असलेले सैन्य दुपारी दुसऱ्या बाजूच्या यादीत गेले.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये झाले ते याहून फार निराळे नव्हते. अफगाण सुरक्षा दलांची कागदावरची संख्या तीन लाखांच्या आसपास सांगितली जात होती. अमेरिकेने त्यांच्यावर ऐंशी अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला होता. १५ ऑगस्टला काबूल पडले. पगारपत्रकावर असलेले पण प्रत्यक्षात नसलेले शिपाई, वेळेवर न मिळणारा पगार, अमेरिकी कंत्राटदार निघून गेल्यावर उडू न शकणारी विमाने या सगळ्यांबद्दल अमेरिकेच्याच तपासनिसांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. इराकमध्ये २०१४ साली मोसुल हातचे गेले, त्यानंतर पन्नास हजार खोट्या शिपायांची नावे पगारपत्रकांत सापडल्याचे तिथल्या पंतप्रधानांनीच जाहीर केले. सैनिक कोणासाठी लढतो आणि त्याचा आपल्या अधिकाऱ्यावर विश्वास आहे का, याचे मोजमाप आकड्यांत होत नाही. पण भरती कशी होते, बढती कोणाला मिळते, पगार कसा पोचतो, अधिकारी जवानांबरोबर पुढे असतो की मागे, यांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. भारतीय सैन्याचा पाया या बाबतीत भक्कम आहे, आणि तो आपोआप भक्कम राहिलेला नाही.

झाशीची छावणीही या हिशेबातला एक धडा जवळ बाळगून आहे. ५ जून १८५७ रोजी बाराव्या बंगाल पलटणीच्या शिपायांनी उठाव केला तेव्हा सर्वांत आधी छावणीतला तारागड, म्हणजे स्टार फोर्ट, ताब्यात घेतला. दारूगोळा आणि खजिना तिथे होता. बंदुका सगळ्यांकडे होत्या. दारू आणि पैसा ज्याच्या हाती, त्याचे त्या दिवशी बळ.

पुढे रेल्वे आली, मुंबई, कानपूर आणि दिल्लीकडचे मार्ग इथे मिळाले, आणि बबिन्याच्या विस्तीर्ण सराव मैदानामुळे हा टापू रणगाड्यांचा झाला. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे पहिली आर्मर्ड डिव्हिजन इथे होती. १९६५ साली पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा या डिव्हिजनला पंजाबात हलवण्यात आले. शेकडो किलोमीटर रेल्वेने रणगाडे नेणे हेच मुळात ताकदीचे एक मोजमाप आहे: किती डबे, कोणते पूल, किती दिवस. नकाशावर झाशी ते सियालकोट ही एक रेघ असते; प्रत्यक्षात ते रेल्वेच्या माणसांचे अहोरात्र काम असते.

त्या युद्धातल्या दोन लढाया शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली असल उत्तर, खेमकरणजवळ, ८ ते १० सप्टेंबर. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते. ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजण्याची आधुनिक यंत्रणा, रात्री पाहण्याची सोय. समोर आपल्याकडे सेंच्युरियन, हलके एएमएक्स आणि दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. शर्मन होते डेक्कन हॉर्सकडे आणि त्या रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, पुढे जे सरसेनापती झाले. यादीवर पॅटन जिंकायला हवे होते. आपल्या फौजेने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, शेतांत पाणी सोडले, रणगाडे उसात लपवले आणि शत्रूला जवळ येऊ दिले. पॅटन चिखलात रुतले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपले आणि त्यातच त्यांना वीरमरण आले; परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. भारताच्या हिशेबाप्रमाणे पाकिस्तानने तिथे ९७ रणगाडे गमावले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले. किचकट यंत्रणा चालवायला जितका सराव लागतो तितका पॅटनवरच्या माणसांना मिळाला नव्हता, हे त्या लढाईचे सर्वसाधारण निदान आहे आणि ते पटणारे आहे. चांगले शस्त्र आणि ते चालवणारा हात मिळूनच एक संख्या होते.

दुसरी लढाई सियालकोट क्षेत्रातली, आणि तिथे झाशीची डिव्हिजन होती. तिच्याकडे सेंच्युरियन होते, संख्याही कमी नव्हती. ११ सप्टेंबरला फिल्लोरा घेतले ते कौशल्याने. १८१७ मध्ये पेशव्यांच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या स्वारदलाचा वारसा सांगणारी पूना हॉर्स रेजिमेंट तिथे लढली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. फिल्लोऱ्याला जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जायला नकार दिला. १६ सप्टेंबरला बुतूर डोग्रांदीजवळ त्यांना वीरमरण आले. तेही परमवीरचक्राचे मानकरी. इतके असूनही याच क्षेत्रातले चविंडा आपल्या हाती आले नाही. पहिल्या दिवशीची वाटचाल अडखळली, पुढचे हल्ले एकामागून एक आणि तुटक झाले, पायदळ आणि रणगाडे यांचा मेळ हवा तसा बसला नाही, आणि तोवर पाकिस्तानने आपली फौज सावरली. तारापोरांच्या रेजिमेंटचे शौर्य आणि डिव्हिजनचे अपुरे यश या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. असल उत्तरचा उल्लेख करताना चविंडा गाळायचे ही सवय सैन्याच्या हिताची नाही. खुद्द सैन्य तसे करत नाही. चविंड्याचा अभ्यास करूनच पुढची पिढी घडली. सहा वर्षांनी बसंतरच्या लढाईत सुरुंग पुरते साफ होण्याची वाट न पाहता पूना हॉर्स पुढे घुसली, आणि ती ज्या ब्रिगेडमध्ये होती तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर अरुण वैद्य.

चुका मान्य करून सुधारणा करण्याची क्षमता हेसुद्धा बळच आहे. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सव्वाआठ लाखांचे भूदल, नव्या पर्वतीय डिव्हिजन, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल असे लक्ष्य ठेवणारी १९६४ ते ६९ ची संरक्षण योजना त्यांच्या काळातली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने असूनही वापरली गेली नाहीत, आणि जवान सुती कपड्यांत हिमालयात उभे होते. १ सप्टेंबर १९६५ ला छांब क्षेत्रात संकट आले तेव्हा चव्हाणांनी त्याच संध्याकाळी हवाई दलाला परवानगी दिली. विमाने दोन्ही वेळी होती. वापरण्याचा निर्णय फक्त दुसऱ्या वेळी झाला.

आता आजचा हिशेब. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १.८० लाख कोटी नवी शस्त्रे, विमाने, जहाजे अशा भांडवली खर्चाचे. ज्यांनी आयुष्य दिले त्यांचे निवृत्तिवेतन हे देशाचे कर्तव्य आहे, त्याविषयी वाद नाही. पण दोन देशांचे खर्च तोलताना एकूण रकमेवर बोट ठेवून भागत नाही. त्यातले किती उद्याच्या लढाईसाठी आहेत ते वेगळे काढावे लागते. शिवाय जवानाचा पगार रुपयांत जातो आणि आयात केलेल्या इंजिनाची किंमत डॉलरमध्ये.

विमानांच्या बाबतीत हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा बऱ्याच कमी आहेत, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की जी आहेत त्यांतली किती सकाळी उडू शकतात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० बांधली जातात आणि उघडून पुन्हा नवी केली जातात. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी नोंदवले की ७५ टक्के सुखोई सज्ज असायला हव्या असताना प्रमाण ५५ ते ६० टक्के होते. सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. पुढे स्थिती सुधारत गेली. पण मुद्दा स्पष्ट आहे: शंभर विमानांचा ताफा साठ उडती विमाने देत असेल, तर ओझरमधला एक चांगला मेकॅनिक आणि वेळेवर आलेला एक सुटा भाग नव्या विमानाइतका मोलाचा ठरतो, आणि कितीतरी स्वस्त पडतो.

दारूगोळ्याचे तेच. विदर्भातले पुलगावचे कोठार देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक. खडकी, वरणगाव, भद्रावती इथले कारखाने काडतुसे, गोळे, स्फोटके तयार करतात. चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल इतका साठा असावा असा जुना दंडक होता. २०१७ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी सांगितले की तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षाही कमी होता. त्यानंतर खरेदीचे अधिकार खालच्या पातळीवर देऊन बरीच भरपाई झाली. कारगिलमध्ये बोफोर्स तोफांनी जे केले ते या देशाला ठाऊक आहे. त्या तोफांना दिवसरात्र गोळे पोचत होते म्हणून ते झाले. युक्रेनच्या युद्धात तर श्रीमंत युरोपलाही तोफगोळे अपुरे पडले.

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणीच्या जयंतीला, झाशीत भारत डायनॅमिक्सच्या प्रकल्पाची कोनशिला बसली. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या प्रणोदन यंत्रणा तिथे बनायच्या आहेत. बुंदेलखंडासारख्या मागे राहिलेल्या प्रदेशात असे काम येणे ही आनंदाची गोष्ट. या प्रकल्पाची ताकद मोजायची ती वर्षाकाठी दारातून किती संच बाहेर पडतात, त्यांतले किती चाचणीत उत्तीर्ण होतात आणि युद्धकाळात ते उत्पादन किती पटींनी वाढवता येते, यावर.

दोन सैन्यांची तुलना करणाऱ्याने म्हणून आधी काम विचारावे: कोणती लढाई, कुठे, कोणाविरुद्ध, किती दिवस. लडाखच्या उंचीवर लढणे, बंगालच्या उपसागरात पाणबुडी शोधणे आणि पंजाबच्या मैदानात रणगाड्यांना अडवणे या तीन निरनिराळ्या परीक्षा आहेत, त्यांचा एकच गुण काढता येत नाही. जून २०२० मध्ये गलवानला वीस भारतीय जवानांनी प्राण दिले. त्या रात्री कोणत्याही देशाच्या तोफा आणि विमानांची संख्या कामाची नव्हती, कारण सीमेवरच्या करारांमुळे तिथे बंदूकही वापरली गेली नाही. यादी करायला एक संध्याकाळ पुरते. हा हिशेब करायला वर्षे लागतात, आणि ती देण्याची तयारी असलेल्या नागरिकांची या देशाला गरज आहे.

असे नागरिक होण्याची सोय उपलब्ध आहे. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर तत्कालीन उपसेनाप्रमुखांनी सांगितले की भूदलाकडची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट गटात मोडते, २४ टक्के चालू काळाची आणि ८ टक्के अत्याधुनिक आहे. हे गुपित नव्हते. समितीच्या अहवालात ते छापून आले. एका सेनाधिकाऱ्याने देशाच्या प्रतिनिधींपुढे इतके स्पष्ट बोलावे, याला मोठे धैर्य लागते. असे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मिळतात. झाशीच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी, छावणीतल्या कुटुंबांनी, इथल्या मराठी मंडळींनी ते दरवर्षी वाचावेत. दारूगोळा किती दिवसांचा, किती विमाने सज्ज, किती अधिकाऱ्यांची पदे रिकामी, एवढे तीन प्रश्न आपल्या खासदाराला लेखी विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे.